सत्कारात मिळालेली श्रवणयंत्रं : सातारा, वडूज, सांगली

डिसेंबरात सांगलीहून चौगुले अण्णांचा फोन आला. अण्णांचं औषधांचं घाऊक दुकान आहे आणि दोन वर्षांपासून ते कानाच्या यंत्रांच्या धंद्यात शिरू बघतायत. मी पुण्यात एकोणीस वर्षं तेच काम करते. ऐकू किती येतं ते तपासायचं, यंत्र निवडायचं, बसवायचं, आणि माणूस त्याला सरावेपर्यंत त्याच्या तक्रारी ऐकायच्या. एका परिषदेत आमची ओळख झाली होती. अण्णा इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आले.

"म्याडम, वडूजला स्टँडजवळ गाळा घेतलाय. जागा माझी, यंत्रं माझी, विद्या तुमची. निम्मी भागीदारी. जानेवारी संपायच्या आत सांगा."

मी म्हटलं, वडूजच का? तर म्हणाले, साताऱ्यात दुकानं आहेत, कराडात आहेत, मिरजेत तर गल्लोगल्ली दवाखाने. खटाव तालुक्यात कानाचं काहीच नाही, आणि म्हातारी माणसं ढीगभर. जिथं जायला दुसरा कुणी तयार नसतो तिथंच धंदा असतो.

नवऱ्याला सांगितलं. नितीन नऊ वर्षं मस्कतला आहे. आमचं ठरलेलं असं, की लेकीचं बंगळूरचं शिक्षण संपलं की तो परत येईल आणि आम्ही पुण्यातल्या फ्लॅटमध्ये शेवटी एकत्र राहू. तो म्हणाला, "पुण्यात काय कमी आहे? चांगली नोकरी आहे." मग लगेच फ्लॅटच्या गळतीचं विचारलं, पासपोर्टच्या झेरॉक्स पाठवल्या का विचारलं, आणि फोन संपला.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी वडूजला माजी सैनिकांसाठी शिबिर घेऊन अर्ध्या किमतीत यंत्रं दिली होती. त्या लोकांची यादी मी मागून घेतली. म्हटलं, आधी या माणसांना भेटते, ती यंत्रं कशी चाललीत बघते, मग होय-नाही सांगते. चार दिवसांची रजा टाकली. लॅपटॉप, तपासणीचं सामान, सेलची पाकिटं आणि एक शाल एवढं घेऊन निघाले.

पहिला दिवस : शिरवळ, वाई, सातारा

स्वारगेटवरून सकाळी साडेसहाची वाईची एसटी धरली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वतःच्या गाडीचा विचार करणाऱ्या मैत्रिणींनी एकदा तरी एसटीने जाऊन बघावं. जानेवारीची थंडी होती आणि कात्रजच्या पुढे खिडकी बंद ठेवूनही बोटं गार पडत होती.

शिरवळला कंपन्यांच्या पाळीची माणसं चढली. एकाच्या गळ्यात दोरीला लावलेली रबरी बुचं लोंबत होती, आवाजापासून कान वाचवायला कंपनी देते ती. मी विचारलं, घालता का? तो हसला. शेजारचा म्हणाला, "घालतोय की, साहेब आला की." पुढच्या वीस वर्षांत या गाडीतले किती जण माझ्यासारखीच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतील, हे मला दिसत होतं. धंद्याच्या भाषेत याला संधी म्हणतात, आणि माझ्या मनातही तोच शब्द आधी आला, हे कबूल करायला हवं.

खंबाटकीचा घाट चढून गेलं की सुरूरच्या फाट्याला गाडी वाईकडे वळते. माझा जन्म वाईचा. वडील इथल्याच शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर घर विकलं आणि त्यानंतर मी वाईला फक्त लग्नकार्याला आले. घाटावर गेले. कृष्णेचं पाणी कमी होतं, पायऱ्यांवर दोन बायका गोधड्या धूत होत्या. तिसऱ्या पायरीवर बसले. वाईत ओळखीचं कुणी उरलं नव्हतं असं नाही, पण कुणाचं दार वाजवावं असं कुणी आठवेना. एक वयस्क गुरुजी पूजेचं तबक घेऊन वर जात होते. थांबून त्यांनी विचारलं, कुणाची तू? वडिलांचं नाव सांगितलं. "अगं, मग बाहेर कशाला बसलीस," एवढंच म्हणाले आणि देवळाकडे बोट केलं. पुण्यात इतक्या वर्षांत कुणी मला 'कुणाची तू' असं विचारलेलं नाही.

स्टँडसमोर मिसळ खाल्ली, चांगली झणझणीत होती. दुपारच्या गाडीने साताऱ्याला. स्टँडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. संध्याकाळी पोवई नाक्याकडे चक्कर मारली, कंदी पेढे घेतले, आणि यादी पुन्हा वाचली.

दुसरा दिवस : वडूज

साताऱ्याहून वडूज म्हणजे कोरेगाव, पुसेगावमार्गे दीड-दोन तास. कोरेगावपर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात. तिथे घाई करू नये, चालकही करत नाही. पुसेगाव आलं की ऊस मागे पडतो, माळ सुरू होतो, आणि आकाश एकदम मोठं होतं. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या देवळाजवळ गाडी थांबते. दहा मिनिटांत दर्शन होतं, चहाही होतो.

वडूजला उतरले ती सरळ बँकेसमोर. महिन्याचा पहिला आठवडा होता आणि बँकेच्या पायरीवर, समोरच्या लिंबाखाली, चहाच्या टपरीवर सगळीकडे निवृत्त फौजी. पेन्शन मोबाइलवर दिसते, तरी पासबुक छापून घ्यायला येतात. खरं म्हणजे एकमेकांना भेटायला येतात. कडक इस्त्रीचे शर्ट, चकचकीत बूट, आणि बोलणं असं की जणू डोंगराच्या पलीकडच्या चौकीला हाक मारतायत. तोफखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले ते कान. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "गड्या, तू वरडू नगं, मला ऐकू येतंय." दुसरा त्याहून मोठ्याने म्हणाला, "व्हय, मलाबी."

मी वहीत लिहून घेतलं : केंद्र काढायचं तर पेन्शनच्या आठवड्यात आणि बाजाराच्या दिवशी उघडं हवं. बाकी दिवशी गाळ्यात माशा मारत बसावं लागेल.

अण्णांचा गाळा बघितला. बरा आहे, फक्त रस्त्यावरच्या हॉर्नमुळे तपासणीची खोली आत, मागच्या बाजूला करावी लागेल. मग यादीतलं पहिलं घर गाठलं. घर गावातच होतं. काठीच्या आधाराने एक आजोबा बाहेर आले. यंत्र कुठंय म्हटल्यावर सुनेने काचेच्या शोकेसकडे नेलं. तिथे वरच्या फळीवर पदकं, मधल्या फळीवर नातवाची ट्रॉफी, आणि तिच्या शेजारी उघडी डबी, डबीत यंत्र. सून म्हणाली, "कुणी आलं-गेलं की दाखवतो."

दुसऱ्या घरी यंत्र कपाटात होतं, शालीच्या घडीत. शालीवर नारळ, वाळून खडखड वाजणारा. हा काय प्रकार आहे ते मला तिथल्या भिंतीवरचा फोटो बघून कळलं. वडूजचं ते शिबिर म्हणजे जंगी सत्कार समारंभ होता. मांडव, व्यासपीठ, पाहुणे. एकेका माजी सैनिकाचं नाव पुकारून वर बोलवलं, शाल घातली, नारळ दिला, आणि पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने कानात यंत्र अडकवलं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग तो माणूस खाली उतरला आणि घरी गेला. यंत्र त्याच्या कानाला जुळवून देणं, आठवड्याने परत बोलावणं, सेल कसा बदलायचा ते दाखवणं, यातलं काहीच नाही. सत्कारात मिळालेल्या वस्तूचं आपण काय करतो? शालीचं जे करतो तेच यंत्राचं झालं. ते जपून ठेवलं गेलं.

तीन घरांत तीन यंत्रं बघितली. एकही वापरात नव्हतं. स्टँडजवळच्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि आख्खा मसूर जेवले, उत्तम आणि स्वस्त, पण मन जेवणात नव्हतं. असा धंदा करायचा तर मी पुण्यात बरी होते.

तिसरा दिवस : तात्यांची वस्ती

यादीत चौथं नाव होतं ते वडूजपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका वस्तीचं. गावाचं नाव लिहीत नाही, तात्यांना चालणार नाही. रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. दोन्ही बाजूला शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची शेतं, कणसं भरलेली, आणि पाखरं हुसकायला माळ्यावर बसलेल्या बायका.

तात्या म्हणजे निवृत्त हवालदार, पंचाहत्तरीचे. मी येणार हा निरोप आधीच पोचला होता. ते अंगणात उभेच होते. पांढरा शर्ट, टोपी, खांद्यावर तीच सत्काराची शाल, आणि डाव्या कानात यंत्र. मला इतका आनंद झाला. म्हटलं, एक तरी सापडला.

"नमस्कार तात्या, यंत्र कसं चाललंय?"

"जी."

"ऐकू चांगलं येतं ना?"

"जी, जी. बसा."

त्यांच्या पत्नी हौसाकाकू दारातून हे बघत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "त्यात काय न्हाई बाई. नुसतंच हाय ते."

यंत्र काढून बघितलं. सेलची जागा रिकामी. तात्यांनी आतून औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी आणली. तिच्यात कापसावर सेल ठेवलेला, दोन वर्षांपूर्वीचा. मग काकूंनी सगळं सांगितलं. शिबिरानंतर आठ दिवसांनी भाच्याचं लग्न होतं. तात्या यंत्र घालून गेले, मांडवात बँड सुरू झाला आणि कानात खिळा मारावा तसं झालं. त्यांनी सेल काढून खिशात टाकला. पण यंत्र काढलं नाही, कारण मानाने दिलेलं. तेव्हापासून लग्न असो, झेंडावंदन असो, तात्या कानात यंत्र घालून जातात, सेलशिवाय. घरी आले की डबीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं यंत्र असेल तर एवढं लक्षात ठेवा. त्या सेलवरचा रंगीत कागद एकदा काढला की तो वापरा, न वापरा, काही आठवड्यांत संपतोच. आणि यंत्र नवं असताना सगळ्यांनाच आवाज बोचतो. ते दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं. बँडमध्ये पहिल्यांदा घालायची ती वस्तू नव्हे, घरात घालायची.

हे मी तात्यांना जवळ बसून, मोठ्याने, हातवारे करून सांगितलं. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "घरात ऐकाया हाय काय? दोन म्हातारी माणसं."

काकू तिथंच होत्या. त्या वळून आत गेल्या.

चहाला मदत करायच्या निमित्ताने मीही मागोमाग आत गेले. चुलीपाशी त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मी पाटावर बसले. मग त्या बोलायला लागल्या, इतक्या हळू की मलाच पुढे वाकावं लागलं.

"वरडून काय काय बोलायचं, सांग की. मोटर लावा, हे वरडता येतं. जेवाया या, वरडता येतं. गाय व्याली, ते बी येतं. आठ सालं झाली, आमचं एवढंच बोलणं हाय. मनातलं वरडता येत न्हाई, बाई. पलीकडची वस्ती ऐकती."

मी म्हटलं, मनातलं म्हणजे? त्यांनी दाराकडे बघितलं. मग सांगितलं.

ते दुखणं कोणतं, हे इथे उलगडून लिहीत नाही. बायकांचं आहे, गर्भाशयाचं. आमच्या आयांनी, काकूंनी वर्षानुवर्षं अंगावर काढलं तसलं. त्यांना उठता-बसता त्रास होत होता. पाण्याची कळशी उचलवत नव्हती. तीन वर्षं झाली होती. लेक-सुना मुंबईला, फोनवर सांगायची लाज वाटते. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर नवऱ्याला सांगायला हवं, आणि नवऱ्याला सांगायचं म्हणजे अंगणात उभं राहून ओरडायचं. "असलं कसं वरडू?" असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी एकोणीस वर्षं बहिऱ्या माणसांना तपासते आहे. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाला काय काय सांगायचं राहिलंय, हे मी एकदाही विचारलेलं नाही. तपासणीच्या कागदावर तशी ओळच नसते.

बाहेर आले, लॅपटॉप उघडला. नवा सेल घातला. यंत्र तात्यांच्या कानाला जुळवायला पाऊण तास लागला. आधी त्यांना सगळंच टोचत होतं, पातेल्यावरचं झाकण, कोंबडी, माझ्या बांगड्या. एकेक आवाज खाली घेत गेले. शेवटी मी त्यांच्या मागे जाऊन साध्या आवाजात विचारलं, "तात्या, शाळू कधी निघेल?"

ते वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "संक्रांत झाल्यावर." आणि मग थोड्या वेळाने, "आता तुमी वरडला न्हाई न्हवं?"

"नाही."

मी काकूंना म्हटलं, मला हुरडा बघायचाय, मी रानात जाऊन येते. त्यांना कळलं. तात्यांना म्हटलं, काकू आता हळू बोलणार आहेत, तुम्ही यंत्र काढायचं नाही.

रानात काकूंच्या जावेने आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, वर जवसाची चटणी आणि गूळ. इतका गोड हुरडा मी लहानपणानंतर खाल्ला नव्हता. जाऊबाईंनी विचारलं, मालक काय करतात? मी म्हटलं, परदेशी असतात. "मग बोलता कवा?" मी म्हटलं, रोज, फोनवर. "मग बरं हाय की," त्या म्हणाल्या. मी होय म्हटलं. पण निखाऱ्यापाशी बसून आठवू लागले, की गेल्या वर्षभरात मी नितीनला काय काय सांगितलं. गळती. हप्ते. लेकीचं वसतिगृह. त्याच्याकडे आठ जणांची खोली असते, फोन कायम स्पीकरवर, मागे टीव्ही. मीही मग मोठ्याने, थोडक्यात, कामाचं तेवढंच बोलते. तो नसताना रविवारी दुपारी मी काय करते, ते त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या खोलीत मी काय सांगितलं असतं?

तासाभराने परतले. तात्या ओट्यावर बसले होते. खांद्यावर शाल नव्हती, टोपी बाजूला ठेवलेली. यंत्र कानात होतं. काकू आत भाकऱ्या थापत होत्या. तात्यांनी मला बसायला पोतं सरकवलं. मग मला म्हणाले,

"मिरजेत बायकांचा चांगला डॉक्टर कोण हाय?"

मी म्हटलं, चौकशी करून कळवते.

"लौकर कळवा." आणि मग माझ्याकडे न बघता, "मला वाटायचं, ही गप ऱ्हाती म्हंजे बरी हाय."

आतून भाकरीचा आवाज थांबला होता. काकू ऐकत होत्या. पुन्हा सुरू झाला तेव्हा तात्या म्हणाले, "भाकरीचा एवढा आवाज हुतो व्हय." त्यांनी ते मला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.

चौथा दिवस : सांगली

वडूजहून मायणी, विटा, तासगाव असं सांगलीला. गाडी एका ठिकाणी बदलावी लागते, एकूण साडेतीन तास धरा. मायणीच्या तलावावर पक्षी उतरलेले असतात, सकाळची गाडी असेल तर डावीकडे बसा. विट्याच्या पुढे हळूहळू द्राक्षबागा लागतात. तासगावात बेदाण्याची शेड आणि हवेत एक आंबूस-गोड वास. वाटेत काल बघितलेल्या माळाची आठवण येते, आणि खोटं वाटतं की हा एकाच दिवसाचा प्रवास आहे.

अण्णांच्या घरी जेवण साडेपाचला. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असतात. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, ज्वारीची भाकरी, कांदा-लसणाशिवायची पण चवदार आमटी आणि घट्ट बासुंदी वाढली. जेवण झाल्यावर अण्णांनी कौतुकाने शिबिराचा अल्बम काढला. पान उलटता उलटता तात्यांचा फोटो आला, शाल, नारळ, कानाशी पाहुण्यांचा हात.

मी अण्णांना सगळं सांगितलं. शोकेस, शालीची घडी, डबीतला सेल. तात्यांच्या घरातलं काकूंचं दुखणं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, यंत्र दोन वर्षं बंद होतं आणि त्याने त्या घरात नुकसान झालं.

अण्णा दुखावले. सहा महिने राबून ते शिबिर केलं होतं. म्हणाले, "म्याडम, तुमी पुण्यातनं बघता. स्टेज न्हाई केलं तर देणगीदार येत न्हाईत. देणगी न्हाई तर अर्धी किंमत न्हाई. अर्धी किंमत न्हाई तर त्या माळावर यंत्र घेतंय कोण?"

हे खोटं नव्हतं. आरोग्याच्या धंद्यातली अवघड गोष्ट तीच आहे. वस्तू विकता येते. चार वेळा बोलावून ती कानाला सरावेपर्यंत सोबत बसणं, याला गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि देणगीदाराला त्याचा फोटो मिळत नाही. म्हणूनच मोठी दुकानं तालुक्याला येत नाहीत. आली तर विकून जातात.

मी माझ्या अटी सांगितल्या. यंत्र मागच्या खोलीत द्यायचं, चौघांसमोर नाही. देताना घरातलं एक माणूस सोबत हवंच, शक्यतो जे रोज त्याच्याशी बोलतं ते. चार भेटी झाल्याशिवाय यंत्राची पूर्ण रक्कम घ्यायची नाही. सेल गाळ्यावर कायम. आणि बाईमाणसांचे कान फुकट तपासायचे, कारण घरातला पैसा आधी बापाच्या कानाला जातो, आईच्या नाही.

"आन स्टेज?"

"स्टेज करा की. शाल देणगीदाराला घाला."

अक्का आतून हसल्या. अण्णांनी अल्बम मिटला, पुन्हा उघडला आणि तात्यांच्या फोटोवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, बाजारचे दिवस आणि पेन्शनचा आठवडा, वर्षभर बघू. नाही चाललं तर गाळा भाड्याने देईन आणि तुम्हाला दोष देणार नाही. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते.

निघताना अक्कांनी भडंगाचा पुडा आणि हळद दिली. हळूच विचारलं, "मालकांस्नी इचारलं का?" मी मान हलवली. ती होय होती की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

परत पुणे

सांगलीहून पुण्याला रेल्वेने आले. बसपेक्षा आरामाची आहे, फक्त आरक्षण आधी करा. खर्चाचं विचाराल तर चार दिवस, राहणं-खाणं-प्रवास धरून पुण्यातल्या एका बऱ्या शनिवार-रविवारापेक्षा कमीच लागले.

मिरजेतल्या एका ओळखीच्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन तात्यांना कळवायला फोन केला, तर फोन त्यांनी स्वतःच उचलला. पत्ता लिहून घेतला, उलट वाचून दाखवला. मग म्हणाले, सोमवारी नेतो, यंत्र घालून जातो, डॉक्टर काय बोलतात ते मलाच ऐकायला पाहिजे. मागून काकू काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. तात्यांना आलं, कारण ते तिकडे वळून "बरं, बरं" म्हणाले.

त्या संध्याकाळी नितीनला फोन लावला. म्हटलं, स्पीकर बंद कर आणि बाहेर ये. तो घाबरला, काय झालं म्हणाला. काही नाही, म्हटलं, फक्त बाहेर ये. चपला घातल्याचा, दार लोटल्याचा आवाज आला. मग टीव्ही बंद झाल्यासारखी शांतता.

मी सगळं सांगितलं. वाईची पायरी, माळ, काकू, अण्णांचा गाळा. गाळा आणि घरोघरच्या भेटी धरून आठवड्याचे तीन-चार दिवस वडूजला राहणार, पुण्याची नोकरी सोडणार, हेही सांगितलं. आणि मग नऊ वर्षांत न बोललेलं. की हा फ्लॅट तू येशील म्हणून मी झाडते-पुसते, आणि आता मला नुसती वाट बघत इथे बसवत नाही. हे मी हळूच म्हटलं. 

मग तो म्हणाला, "मी आलो की मग कुठं यायचं?"

"वडूजला," मी म्हटलं. "मुंबईला उतरलास की पुण्यात थांबू नकोस. स्वारगेटवरून वडूजची थेट गाडी असते. नाही मिळाली तर साताऱ्याला उतर आणि तिथून घे. कोरेगावपर्यंत ट्रॉल्यांमुळे उशीर होईल, चिडू नकोस. पुसेगाव सोडलं की ऊस संपतो आणि माळ लागतो. मग अर्धा तास. खिडकी उघडी ठेव. स्टँडच्या बाहेरच गाळा आहे, मी मागच्या खोलीत असेन, तिथे हाक ऐकू येणार नाही, सरळ आत ये."

"थांब," तो म्हणाला. "लिहून घेतो."